बापूसाहेबांची संमती

वेल उतरवून झाले होते. आता माघार नव्हती.

पानमळा करणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. वर्षभर शेवरीच्या आधाराने वर चढलेले पानवेल सोडवून खाली घ्यायचे, त्यांची वेटोळी करून मातीत दाबायची आणि लगोलग पाणी द्यायचे, म्हणजे ते नव्या जोमाने फुटतात. पाणी चुकले, तर चैत्राच्या उन्हात त्यांची सुतळी होते. निमगाव केतकीच्या सर्जेरावांनी रविवारी मजूर लावून सगळा मळा उतरवून घेतला, तो सोमवार सकाळच्या पाळीचे पाणी हिशेबात धरून. सर्जेराव कोणतीही गोष्ट हिशेबात धरूनच करीत. विजेचा डिप्लोमा घेऊन त्यांनी उभी हयात साखर कारखान्याच्या विद्युत विभागात काढली होती. निवृत्त झाल्यावरही ते घरातल्या पंख्याला दर अमावस्येला उघडून तेल देतात, आणि पंखा बिचारा तेलाला कंटाळला आहे, असे त्यांच्या पत्नी जयवंताबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत.

सोमवारी वीज आली. सर्जेराव बांधावर उभे राहिले, चष्मा पुसला, मोबाईल काढला आणि मोटर सुरू करायचे ॲप उघडले. ॲपने रोजच्याप्रमाणे स्वागत केले: 'नमस्कार, बापूसाहेब!' पण त्याखालचे हिरवे बटण नाहीसे झाले होते. त्या जागी एक राखाडी पट्टी होती आणि तिच्यावर लिहिले होते: 'सुरक्षेसाठी अपडेट आवश्यक. मुख्य मालकाची संमती प्रलंबित. संमती मिळेपर्यंत मोटर सुरू होणार नाही.'

मुख्य मालक म्हणजे सर्जेरावांचे थोरले बंधू बापूसाहेब. त्यांना जाऊन वर्ष उलटले होते.

विहीर सर्जेराव आणि धाकटे बंधू जोतीराम यांच्यात सामाईक. दिवसाची वीज असली की पहिला अर्धा वेळ सर्जेरावांचा, दुसरा जोतीरामचा. ही पाळी वडिलांनी लावून दिलेली. काही उन्हाळ्यांपूर्वी तिच्यावरून दोघांत जुंपली. जोतीरामचे म्हणणे, तात्या बटण उशिरा बंद करतो. सर्जेरावांचे म्हणणे, जोतीरामचे घड्याळच पुढे पळते. शब्दाने शब्द वाढला आणि शेवटी शब्दच बंद झाले. तेव्हा बापूसाहेबांनी तोडगा काढला. त्यांची स्वतःची जमीन पलीकडे कालव्यावर. या विहिरीत त्यांचा थेंबाचाही वाटा नव्हता, म्हणून त्यांचा शब्द दोघांना मान्य होता. त्यांनी बारामतीहून फोनवर चालणारा स्टार्टर आणवला. ज्याची पाळी, त्याच्याच फोनवरून मोटर सुरू व्हावी आणि वेळ संपताच पेटीने ती आपणहून बंद करावी, अशी व्यवस्था झाली. ती पेटी ज्या लोखंडी कपाटात बसवली, त्याला कुलपे दोन लावली. एकाची किल्ली सर्जेरावांकडे, दुसऱ्याची जोतीरामकडे. एकट्याला आत हात घालता येऊ नये.

राहता राहिला मालक. ॲपला मालक एकच लागत होता आणि तो मनात आणील तर दुसऱ्याचा फोन बंद करू शकत होता. तेव्हा मालक बापूसाहेब. लग्नपत्रिकेपासून वीजबिलापर्यंत सगळीकडे थोरल्याचे नाव पहिले घालायची ज्या घराला सवय, त्या घरात यावर चर्चा झालीच नाही.

पुढे बापूसाहेब गेले. बँकेत नाव बदलले, रेशनकार्डावर बदलले, पेटीवरचे तसेच राहिले. ते बदलायचे म्हटले असते तर नवा मालक कोण हे ठरवावे लागले असते, आणि ठरवायला दोघा भावांना एकमेकांशी बोलावे लागले असते.

"अहो, पाणी सुटलं का?" मळ्याच्या टोकाकडून जयवंताबाईंनी हाक घातली.

"बापूंची परवानगी पाहिजे!"

"कुणाची?"

"बापूंची, बापूंची!"

"मग पंचाईत हाय," जयवंताबाई म्हणाल्या आणि खुरपे घेऊन खाली बसल्या.

सर्जेरावांनी कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला. बराच वेळ सनई ऐकवल्यावर एका मुलीचा गोड आवाज आला.

"नमस्कार, बापूसाहेब. मी आपली काय मदत करू शकते?"

"मी त्यांचा भाऊ बोलतोय."

"क्षमा करा सर, माहिती फक्त मुख्य मालकांनाच देता येते. त्यांच्याकडे फोन देता का?"

"ते वारले."

"ऐकून वाईट वाटलं, सर. मग ते साधारण कधी उपलब्ध होतील?"

सर्जेरावांनी डोळे मिटून घेतले. कारखान्यात बॉयलरचा दाब वाढला की ते असेच डोळे मिटत आणि मगच बोलत. मुलीलाही आपण काय बोललो ते कळले असावे. ती घाईघाईने म्हणाली की मालक बदलता येतो, फक्त त्यासाठी मालकाच्या नंबरवर एक ओटीपी जाईल, तेवढा सांगावा.

नंबर बापूसाहेबांचा. त्यांचा फोन वहिनींच्या कपाटात. सर्जेराव तसेच चिखलाच्या चपलांनी गावात गेले. म्हाळसावहिनींनी पातळाच्या घडीतून फोन काढून दिला. तो चार्ज केला, उघडला, तर सिम बंद.

"रिचार्ज केलं नव्हतं का, वहिनी?"

"कुणी करायचं हुतं, भावजी?" वहिनींनी सरळ विचारले. "आमच्या पोराला, रविराजला वाटलं, काका करत असतील. मला वाटलं, रविराज करतोय पुण्यातनं. तुमाला काय वाटलं?"

सर्जेरावांना काहीच वाटले नव्हते. त्यांनी आपल्या फोनवरून बापूसाहेबांचा नंबर लावून पाहिला, आणि नवल म्हणजे तो वाजला. पलीकडून एका म्हातारीने "कोन हाय?" म्हणून दरडावले. तिचे नाव साखरबाई. मराठवाड्यात कुठेशी राहणारी. हा नंबर तिला नातीने गेल्या दिवाळीत नवा म्हणून घेऊन दिला होता. सर्जेरावांनी पहिल्यापासून, क्रमवार, कुठेही न घसरता सगळी हकीकत सांगितली आणि शेवटी विनंती केली की आता एक ओटीपी येईल, तेवढा कृपया वाचून दाखवावा.

"असं व्हय," साखरबाई म्हणाली. "मेलेल्या भावाची मोटर, आन तिचा नंबर माज्याकडं. बरी रचलीस गोष्ट."

"मावशी, मी चोर न्हाय."

"चोर कवा म्हनतो, मी चोर हाय म्हनून? नातीनं सांगून ठिवलंय, ओटीपी मागील त्याला आदी शिव्या द्यायच्या, मग फोन ठिवायचा."

तिने नातीचे दोन्ही शब्द पाळले. सर्जेरावांना तिला दोषही देता येईना. गावच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात, ओटीपी कुणालाही सांगू नका, म्हणून गेल्या महिन्यात व्याख्यान त्यांनीच दिले होते.

दुपारची एसटी धरून ते बारामतीला गेले. ज्या दुकानातून पेटी घेतली होती, त्याचा मालक सुयोग हा पोरगेलासा, हसतमुख आणि सगळ्यांना काका म्हणणारा गृहस्थ होता.

"बसा काका, चहा सांगतो."

"चहा नको. मोटर सुरू कर."

"काका, कसं असतं, आपण पेटी विकतो, बसवून देतो. पेटीत लाइट लागतोय ना? मग पेटी ओके. आतलं सॉफ्टवेअर कंपनीचं."

"कंपनी म्हणते, मालकाला विचारा."

"मग मालकाला—"

"सुयोग, तू बापूंच्या तेराव्याला जेवून गेला आहेस."

सुयोगने जीभ चावली. त्याने फोन हातात घेतला, इकडेतिकडे बोटे फिरवली आणि मान हलवली. "पण काका, खरं सांगा. आठवण येत नव्हती का? चार-सहा महिने झालं, अपडेट करा, अपडेट करा, असं येत असणार."

"येत होतं. मी 'नंतर' दाबत होतो."

"का बरं?"

"गाळप चालू असताना चालत्या यंत्राला कुणी हात लावला, तर मी त्याला खात्याबाहेर काढत असे. मोटर झकास चालली होती. तिला काय धाड भरली होती?"

"भगदाड होतं काका, जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. कुणीही परका, कुठंही बसून तुमची मोटर चालू-बंद करू शकत होता. रिकाम्या विहिरीवर मोटर फिरून जळली असती, म्हणजे तुम्हीच आला असता माझ्याकडं, की कंपनी झोपली होती काय!"

हे खरे होते. सर्जेराव वादात समोरच्याचे खरे असेल तेवढे बाजूला काढून ठेवणारे होते. उरलेल्यावर मग ते तुटून पडत. "भगदाड ठेवलं कंपनीनं, बुजवायचं कंपनीनं. इथवर मान्य. पण बुजवण्यासाठी माझं पाणी तोडायचा अधिकार तिला कुणी दिला? आम्ही दुरुस्तीला लाइन बंद करायचो, तेव्हा आधी पुढच्या खात्यात माणूस पाठवायचो. त्यांच्याकडे काय चालू आहे, किती वेळ थांबवता येईल, मध्ये काय सोय करायची, हे ठरल्यावर खटका खाली. इथं पुण्यात की बंगळुरात कुणी तरी बटण दाबतो, आणि माझे वेल मातीत तडफडतात. बदल करायचा अधिकार ज्याच्या हातात, निस्तरायचं त्यानंच. तू म्हणतोस मी विकलं, बनवलं कंपनीनं. कंपनी म्हणते मी बनवलं, मालक तुम्ही. आणि मालक म्हणे कोण, तर ज्याला एक बटणही बदलता येत नाही तो! याला मालक म्हणतात? याला राखणदारही म्हणत नाहीत."

दुकानातली दोन गिऱ्हाइके वळून बघू लागली. सुयोगने अत्यंत आदराने मान डोलावली.

"शंभर टक्के पटलं, काका. तुम्ही असं करा, हे सगळं ॲपमध्ये 'अभिप्राय' म्हणून टाका."

"ॲपमध्ये ती पट्टी सोडून काहीच उघडत नाही."

"हां. ते एक आहे."

जाताना सुयोगने मालक बदलण्याची विनंती आपल्या दुकानातर्फे कंपनीला पाठवली. उत्तर येईल, म्हणाला. कधी, ते त्याच्या हातात नव्हते.

परतीच्या एसटीत खिडकीशी बसल्यावर सर्जेरावांच्या डोळ्यांसमोर सारखा माळ्यावरचा जुना स्टार्टर येऊ लागला. पोत्यात गुंडाळून, तेल लावून ठेवलेला. एक हिरवे बटण, एक तांबडे. त्याला नमस्कार करता येत नव्हता आणि संमतीही लागत नव्हती. तो जोडायला त्यांना तासही लागला नसता. पण कपाटाला कुलपे दोन होती. एक तोडले, की उद्या गावभर होणार, तात्याने विहीर फोडली. आणि जोतीरामचे काय? त्याच्या पाळीलाही आज मोटर चालली नव्हती, तरी तो फिरकला नव्हता. त्याचा ऊस, उसाला चार दिवस पाणी नसले तरी चालते. तो मजा बघत असेल. की, सर्जेरावांच्या मनात आले, बापू गेल्यावर गुपचूप मालकी त्यानेच घेतली असेल, आणि आता संमती अडवून धरली असेल? ॲपवर नाव बापूंचे दिसते म्हणून काय झाले. आजकाल काहीही दिसते.

मंगळवारी तांबडे फुटताच ते मळ्यात गेले. एका ठिकाणची माती बोटाने उकरून पाहिली. वेलाची साल सैल पडू लागली होती. ते उठले, हात धोतराला पुसले आणि बांध ओलांडून जोतीरामच्या वस्तीवर गेले.

जोतीराम धार काढत होता. त्याने मान वर केली, परत खाली घातली.

"या," तो म्हशीला म्हणाल्यासारखा म्हणाला. "आज मालक सोता आलं."

"कोण मालक?"

जोतीरामने कमरेचा फोन काढून पुढे केला. तीच राखाडी पट्टी. "कालपास्नं बघतोय. 'मालकाची संमती प्रलंबित.' म्हटलं, तात्यानं मालकी नावावर करून घेतली, आन आता माजं नरडं धरलंय. काय घ्यायचंय ते एकदाच घे की!"

"अरे, माझ्या फोनवर बी त्येच हाय. मला तर वाटलं की..."

सर्जेरावांनी वाक्य तिथेच सोडले. जोतीरामने ते मनातल्या मनात पुरे केले असावे, कारण त्याच्या मिशीखाली काहीतरी हलले.

"मग मालक कोन?"

"बापू."

"अजून?"

"अजून."

जोतीरामला हसू फुटले. मग त्याला आपण कशावर हसतोय ते कळले आणि त्याने टोपी सारखी केली. "आन तू काल दिसभर काय केलंस?"

सर्जेरावांनी सांगितले: मदतकेंद्र, वहिनी, साखरबाई, सुयोग. साखरबाईच्या शिव्या त्यांनी गाळल्या, पण जोतीरामने त्या खोदून विचारल्या.

"एवढा डिप्लोमा केलास, तात्या. जुना स्टार्टर काढून डायरेक जोडायचा की."

"एका कुलपाची किल्ली तुझ्याकडं हाय."

"व्हय की," जोतीराम म्हणाला आणि चरवीतला फेस बघत बसला. तात्याने किल्ली तोंडाने मागावी, असे त्याला वाटत होते. सर्जेरावांना मागायचे नव्हते. म्हशीने शेपूट दोघांवरही झाडली.

"जोती," शेवटी सर्जेराव म्हणाले, "वेल उतरवलेत."

जोतीरामची मान झटकन वर आली. "कवा?"

"परवा."

"परवा! आन आज सांगतोस?" तो चरवी तशीच ठेवून उठला. "बारामतीला जायला सुचलं, त्या कुठल्या बाईला फोन लावायला सुचलं, आन हा बांध वलांडायला दोन दिस? आक्काबाईचा फेरा आलाय तुज्या डोक्यात. चल. पर ऐक, मी तितं बसनार. घड्याळ घिऊन."

"बस. मी कुठं न्हाय म्हणतोय?"

वाटेत घरच्या माळ्यावरचा स्टार्टर उतरवून घेतला आणि विहिरीवर दोन्ही कुलपे उघडली गेली. त्यातले सर्जेरावांचे सहज उघडले, जोतीरामचे गंजले होते. त्यावर तेल कुणी घालायचे, यावरही थोडे झाले. मुख्य खटका खाली करून, टेस्टरने दोनदा तपासून सर्जेरावांनी पेटी सोडवली आणि जुना स्टार्टर जोडायला घेतला. जोतीराम टोपी मांडीवर ठेवून कठड्यावर बसला आणि प्रत्येक तारेला, "ही कुठली? आन ही?" असे विचारत राहिला. कारखान्यात शिकाऊ उमेदवारांनी असे विचारले, की सर्जेरावांना आनंद होई. आज त्यांना त्याच्या डोक्यात पाना घालावासा वाटत होता.

दोघे दीर एकाच जागी आहेत हे कळून म्हाळसावहिनी पदर खोचून येऊन पोचल्या आणि दोघांच्या मध्ये बसल्या.

हिरवे बटण दाबले. मोटर घरघरली, थांबली की काय असे वाटले, आणि मग पाइपातून पाणी फेकले गेले. लांबून जयवंताबाईंची "आलं, आलं!" अशी हाक ऐकू आली. सर्जेरावांनी खांद्यावरच्या टॉवेलने तोंड पुसले ते बराच वेळ पुसत राहिले.

पाणी मळ्याच्या निम्म्यावर पोचले असेल तोच फोन वाजला. कालचीच मुलगी.

"सर, मालक बदलण्याची विनंती मंजूर झाली आहे. नव्या मुख्य मालकांचं नाव सांगता का? एकच."

सर्जेरावांनी फोन मोठ्या आवाजावर टाकला होता. दोघे भाऊ दोन दिशांना बघू लागले. मोटर तेवढी चालली होती.

"माजं घाला," म्हाळसावहिनी म्हणाल्या.

"वहिनी, पुन्हा अपडेट आलं तर तुम्ही काय करणार?"

"मला काय त्यातलं कळतंय? फोन वाजला, की दोगास्नी हाक मारीन. दोगं आला, तर व्हय म्हनीन. एकटा आला, तर च्या पाजून लावून दीन."

"घाल," जोतीराम म्हणाला.

सर्जेरावांनी मोठा आवाज बंद करून फोन कानाला लावला आणि नाव, वय, पत्ता, सगळे क्रमाने सांगितले. मग त्यांनी विचारले, "बाई, एक विचारतो. या दोन दिवसांत माझा मळा वाळला असता, तर जबाबदार कोण? तुम्ही, दुकानदार, की आमचे बापू?"

"आपला प्रश्न संबंधित विभागाकडे पाठवते, सर. आता नोंदणी पूर्ण करण्यासाठी जुन्या मालकांच्या नंबरवर ओटीपी पाठवला आहे. कृपया तो सांगा."

सर्जेरावांनी फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे नुसते पाहिले. मराठवाड्यात कुठेतरी साखरबाईचा फोन या घटकेला वाजला असणार, आणि ती तयारीतच असणार.

"सर? ओटीपी मिळाला का? नाही? ठीक आहे. आमच्या सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? एक ते पाचपैकी बटण दाबा."

"काय म्हनत्यात?" जोतीरामने विचारले.

"समाधान किती झालं, विचारत्यात."

"शून्याचं बटन हाय का?"

"न्हाय. एकापासनं सुरू."

"मग ठिवून दे."

सर्जेरावांनी फोन ठेवून दिला. पाणी सऱ्यांमागून सऱ्या भिजवत वर सरकत होते, पण जुळवाजुळवीत सकाळ गेली होती. वरच्या कोपऱ्यातल्या सऱ्या अजून कोरड्याच होत्या तेव्हा जोतीरामने मनगट वर केले.

"तात्या, वेळ झाली."

सर्जेराव उठले. कोपऱ्याकडे त्यांनी एकदाच पाहिले आणि तांबड्या बटणावर बोट ठेवले.

"थांब," जोतीराम म्हणाला. "कोरड्या हायत न्हवं त्या?"

"हायत. पर पाळी ती पाळी."

"मला शिकवू नगंस. भिजू दे तेवढ्या. उद्या माज्या उसाला तेवढंच जादा घीन. वहिनी, तुमी ऐकलंय."

"ऐकलं," वहिनी म्हणाल्या.

सर्जेरावांनी बोट काढले. त्यांना काहीतरी बोलायचे होते, पण तोंडातून आले ते नेहमीचेच. "जादा म्हंजे नेमकं किती?"

"आता मोज की, डिप्लोमावाल्या! घड्याळ तर माजं पुढं पळतंय."

कठड्यावर ठेवलेला फोन थरथरला. म्हाळसावहिनींना वाचता येत नव्हते, पण पडद्यावरच्या उजेडाकडे त्या बघत राहिल्या.

"आता काय म्हनतोय त्यो?"

सर्जेरावांनी चष्मा वर केला. राखाडी पट्टी जशीच्या तशी होती, आणि तिच्याखाली अपडेटच्या आठवणीची 'आता' आणि 'नंतर' ही दोन बटणे आली होती. त्यांनी एकालाही बोट लावले नाही.

"बापूंना नमस्कार करतोय," ते म्हणाले.

"मग करू द्या," वहिनी म्हणाल्या. "तेवढं तरी येळच्या येळी करतोय."